बिनमिठाचा घास

सिल्वासात संकष्टी करणाऱ्या बायका काही कमी नाहीत, पण दुर्गाची संकष्टी म्हणजे जरा अतीच होती. साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी. जवळच्याच अथाल गावातल्या चिप्सच्या कारखान्यात ती ठेकेदाराकडची बाई म्हणून पॅकिंगला उभी राहायची, आणि एकदाचं कंपनीच्या पगारावर लागावं एवढ्यासाठीच तिने हा उपास धरला होता. ठेकेदाराकडच्या माणसाला कधी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतील याचा नेम नसतो. धुळ्याहून आल्यापासून तिने ते दोन कारखान्यांत ऐकलं होतं.

आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते दारात आलं नेमकं संकष्टीलाच. देवालाही चेष्टा करायला दिवस मिळाला तो हाच!

मक्याच्या तिकोनी चिप्सना नवा मसाला लागणार होता. खानदेशी काळा मसाला. रोजच्या मालाची चव बघायला पॅकिंगमधल्याच दोन बायका कंपनी कायम करून घेणार होती. जेवणाच्या सुट्टीनंतर मालाची तपासणी बघणारी मृणाल मॅडम चाचणी घेणार, असं सकाळीच जाहीर झालं. बोलावलेल्यांत दुर्गा होती, आणि डोकमर्डी वस्तीत तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी मनीषाही. दोघी संकष्टी बरोबर करायच्या आणि बरोबरच सोडायच्या.

“मॅडमला सांगू का वं, आज उपास आहे म्हणून?” दुर्गाने मनीषाला विचारलं.

“येडी का तू? परवा सुपरवायझर कमळाबाईला काय बोलला? उपास-तापास घरी ठेवून या, म्हणे. मी तर खाणार. बाप्पा काय फासावर देतो का? चालशे, काही होत नाही, तू पण खाऊन घे.”

दुर्गाला ते पटेना. ज्याच्यापाशी मागणं मागितलं, त्याचाच उपास मोडून ते घ्यायचं? दिलेलं त्याने परत काढून घेतलं तर? देवाला फसवायचं की मॅडमला, असा प्रश्न होता, आणि दुर्गाने मॅडमला फसवायचं ठरवलं. काळा मसाला तिला काय चाखून कळायला हवा होता? वासावरून सांगेन, म्हणाली मनाशी.

मृणाल मॅडम ठाण्याची, तरुण, बोलायला गोड. तिने टेबलावर तीन वाट्या मांडल्या आणि एकेकीला आत बोलावून प्रत्येक वाटीतला चिप खायला सांगितला. दुर्गाची पाळी आली तेव्हा तिने तोंडावरचा मास्क खाली केला, चिप नाकाशी नेला, हाताच्या आडोशाने मुठीत कडकन मोडला आणि चुरा ॲप्रनच्या खिशात सोडला. वर जबडाही हलवला. पहिल्या दोन वाट्यांचं बरं जमलं. तिसरीला भाजलेल्या खोबऱ्याचा असा वास होता की तिला माहेरची चूल आठवली.

“हा सगळ्यात भारी,” ती मनापासून म्हणाली. “मीठ-तिखट एकदम बरोबर.”

आधी खाऊन तिथेच थांबलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या सगळ्यांनी तिसऱ्या वाटीला तोंडं वाकडी केली होती.

“दुर्गाताई, यात मीठ घातलेलंच नाही,” मॅडम म्हणाली. “मी मुद्दाम तसं ठेवलं होतं.”

मग दुर्गाने सगळं सांगून टाकलं, संकष्टी, खिशातला चुरा, सगळं. मॅडम रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“अहो, मग सांगायचं ना! दोघीजणी आज रजेवर आहेत, त्यांची चाचणी उद्याच घेणार आहे. त्यांच्यात तुम्हालाही घेतलं असतं.”

“मग उद्या घ्या ना, मॅडम. हात जोडते.”

“चव चुकली असती तर घेतलं असतं, ताई. पण तुम्ही न खाताच पास केलं. उद्या खराब माल असाच पास केलात तर? मी कुणाला काय सांगू?”

मनीषाचं नाव तिथल्या तिथे पक्कं झालं.

चहाच्या सुट्टीत उरलेल्या वाट्या बायकांत वाटून टाकल्या. तिसरीला कुणी हात लावेना. दुर्गाने ती ओढून घेतली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि चंद्राला अजून पुष्कळ अवकाश होता. मनीषा कानाशी येऊन पुटपुटली, “दुर्गे, अगं उपास!”

“राहू दे तुझा उपास,” दुर्गा म्हणाली आणि तिने मूठभर चिप्स तोंडात कोंबले. खोबरं जरा जास्त भाजलेलं, लवंग पुढे आलेली, मीठ नाहीच. तिने ते एकेक करून मोठ्याने सांगितलं. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात भोंगा वाजला आणि बायका उठून मशीनकडे गेल्या.