मागचा उजेड

लॉन्ड्रीवाल्याला अंधार पडला की दिसत नव्हतं, आणि हे त्याच्याशिवाय फक्त एका डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत होतं. बायकोला त्याने सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर बदललाय. नंबर कसला बदलतोय डोंबलाचा. डॉक्टरने डोळ्यांत थेंब टाकून, दिवा मारून, बराच वेळ आत बघून सांगितलं होतं की पडदा कडेकडेने मरत चाललाय. आधी रात्रीचं जाईल, मग दिवसाचं. औषध नाही, ऑपरेशन नाही, गाडी चालवणं आजपासून बंद करा. हा गृहस्थ हो हो म्हणाला, बाहेर आला, पिकअपमध्ये बसला आणि स्वतः गाडी चालवत घरी गेला.

आता कुणीही म्हणेल, काय माणूस आहे हा. पण त्याने बापाचं पाहिलं होतं. बाप ऐन पन्नाशीत घरी बसला, तोही धडधाकट अंगाने, केवळ डोळे गेले म्हणून. खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, दिवस आहे की रात्र. पुढे पुढे कुणी उत्तरही देईना. नात्यागोत्यात सांगितलं गेलं की डोळ्यांत चुना उडाला. लॉन्ड्रीवाल्याचं लग्न ठरवताना मुलीकडच्यांनाही तेच सांगितलं. ते खोटं त्याचं नव्हतं, पण इतकी वर्षं जपलं होतं ते त्यानेच. आता फोडायचं तर कुठून सुरुवात करायची, हे त्याला कळेना. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. रोज संध्याकाळी गाडीची किल्ली उचलायचा.

धंदा नवरा-बायको दोघांचा. लॉजच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायचे, इस्त्री करून गठ्ठे बांधायचे आणि संध्याकाळी पोचवायचे. थंडीत ती वेळ म्हणजे मिट्ट काळोख. रस्त्यावर त्याचं कसंबसं निभायचं. दुकानांचे दिवे असायचे, पुढच्या गाडीचे लाल दिवे असायचे, त्यांच्या मागे मागे तो जायचा. जीव जायचा तो रिव्हर्सला. मोठ्या लॉजच्या मागे एक गल्ली होती, दोन्हीकडे भिंती आणि टोकाला माल उतरवायचा ओटा. तिथे गाडी उलटीच घालावी लागे. बायको खाली उतरायची आणि मागून ओरडायची, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, येऊ द्या, बस. आवाज असा खणखणीत की लॉजमधली गिऱ्हाइकं खिडक्या लावून घ्यायची. "बस" म्हणाली की तो आणखी चिमूटभर मागे घेऊन गाडी ओट्याला टेकवायचा. मध्ये फट राहिली तर गठ्ठ्यांच्या ट्रॉलीचं चाक अडकतं, म्हणून ही त्यांची जुनी पद्धत.

तो आरशात बघायचा, मान वळवायचा, सगळं रीतसर करायचा. पण गाडी मागे जायची ती तिच्या आवाजावर. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं. त्याची आपली समजूत, थोडंफार दिसतंय अजून, गाडीचे मागचे दिवेच मेले मिणमिणते आहेत.

मग बायकोचा घसा बसला. नुसता घोगरा श्वास बाहेर येई. त्या संध्याकाळी त्याने गाडी सरळ भिंतीला घासली, मागचा पत्रा चेपला आणि एक दिवा फुटला. "डोळे काय भाड्याने दिलेत?" असं ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि स्वतःच हसली. त्याला काही हसू आलं नाही. पण फुटलेल्या दिव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला की या काजव्यांत दिसायचं तरी काय माणसाला, उद्याच नवे टाकून घेतो. बायकोलाही ते पटलं. किती दिवस म्हणतेय मी, असंही वर ऐकवलं तिने.

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मेकॅनिकला सगळे फ्यूज म्हणत, कारण कुठलीही गाडी आली तरी बॉनेट उघडायच्या आधी तो फ्यूज गेलाय असं जाहीर करून टाकी. भला माणूस होता. त्याने चेपलेला पत्रा ठोकून काढला, बंपरखाली दोन एलईडी दिवे लावले, हौद्याच्या वरच्या दांडीवर एक मोठा लावला, जाडी वायर टाकली, रिले टाकला आणि सगळं रिव्हर्स गिअरला जोडून दिलं. गिअर पडला की दिवे आपोआप लागायचे. जाता जाता एक बजरही लावून दिला, आपल्याकडून भेट म्हणून. गाडी मागे येताना टीं टीं वाजत राहतो, लोक आपसूक बाजूला होतात, वहिनींना आता घसा फोडायला नको, असं म्हणाला. मदत करायच्या नादात माणसं काय करून ठेवतील, सांगता येत नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला फ्यूजच्याच आवारात त्यांनी गाडी मागे घेऊन पाहिली. आभाळात अजून उजेड होता आणि त्यात ते दिवे. लॉन्ड्रीवाल्याला मागची भिंत दिसली. भिंतीला टेकवलेले टायर दिसले, टायरवर बसलेलं मांजर दिसलं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती महिन्यांनी असं दिसत होतं. डॉक्टरला काय कळतं, दिवेच मेले होते आपले, असं त्याला खरोखर वाटलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्याला त्या घटकेला कळलं. फ्यूजचे हात धरून तो म्हणाला, चहा माझ्याकडून. मग बायकोला घ्यायला घरी गेला तो शीळ घालत.

गाडीत बसल्या बसल्या त्याने तिला सांगितलं, "आता तू ओरडायचं नाही. नुसती उभी राहा. मुंगीसुद्धा दिसते मागे." ती म्हणाली, बरं झालं बाई. घसा अजून पुरता सुटला नव्हता तिचा.

लॉजच्या मागे पोचेपर्यंत पार अंधारलं होतं. ती उतरली आणि ओट्याकडे गेली. एरवी ती कडेच्या दाराच्या कोनाड्यात अंग चोरून उभी राहायची आणि तिथून ओरडायची. आज गल्ली लख्ख उजळली. ती ओट्याला पाठ लावून मधोमध उभी राहिली, त्याला नीट दिसावं म्हणून, आणि दोन्ही हात वर करून या, या अशी खूण करू लागली.

त्याने आरशात पाहिलं. आरशात एक पांढरा गोळा होता आणि भोवती काळं. त्याने मान वळवली. मागच्या काचेतही तेच, नुसता पांढरा फटफटीत उजेड, आणि त्यात काहीच नाही. ना भिंत, ना ओटा, ना ती. तो थांबला. थांबायलाच हवं होतं, आणि तो थांबलाही. मग कान दिला. कानात टीं टीं, टीं टीं. तिने सांगितल्याप्रमाणे ओरडणं बंद ठेवलं होतं. दिसत नाही म्हणावं, तर मघाशीच मुंगीच्या बाता मारून झालेल्या. तो स्वतःला म्हणाला, गल्ली रोजचीच आहे, अंदाजाने घेऊ. आणि त्याने क्लच सोडला.

गाडी जवळ आली तशी ती बस म्हणाली. घोगऱ्या आवाजात, बजरच्या टींटींत. हात उभे धरून थांबा अशी खूण केली. तिथून हलावं असं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिच्या लेखी तो तिच्याकडेच बघत होता. मागे काहीतरी टेकल्याचं त्याला जाणवलं. आला ओटा, तो मनाशी म्हणाला. आणि रोजच्या सवयीने त्याने गाडी आणखी चिमूटभर मागे घेतली.

लॉजच्या पहारेकऱ्याने काचेवर बुक्के मारले तेव्हा त्याने गिअर काढला. दिवे विझले. खाली उतरून तो भिंत चाचपत मागे गेला, कारण आता त्याला काहीच दिसत नव्हतं. पहारेकऱ्याला वाटलं, धक्क्याने माणूस लटपटलाय. त्याने याला दंडाला धरून ओट्यापाशी नेलं आणि बायकोचा हात त्याच्या हातात दिला.

ती जगली. कमरेच्या हाडाचा चुरा झाला होता आणि डाव्या पायात पुन्हा जोर येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. फ्यूज दवाखान्यात येऊन ढसाढसा रडला. आपल्याच वायरिंगमध्ये खोट असेल, ऐनवेळी दिवे विझले असतील, विचारलं कुणी तर मी तसंच सांगतो, असं म्हणाला. पहारेकरी मात्र सगळ्यांना सांगत होता की दिवे दिवसासारखे लख्ख होते आणि बाई समोर दिसत होती, याचंच लक्ष नव्हतं. नातेवाईक याच्याकडे बघून कुजबुजायचे. फ्यूजचं खोटं हाताशी तयार होतं, नुसती मान हलवायची होती. या घराण्यात आधीही एका चुन्यावर भागलं होतं.

तिसऱ्या प्रहरी दोघंच खोलीत होती. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं आणि त्या उन्हात त्याला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता, ओठांवरच्या भेगांसकट. तिने विचारलं की गठ्ठे कोण पोचवतंय. तो म्हणाला, कुणी नाही. मग तिने नजर छताकडे वळवली.

"मला वाटलं, दिसतेय मी तुम्हाला," ती म्हणाली.

"नव्हतीस दिसत," तो म्हणाला. "अंधारात मला दिसतच नाही. बाबांचं झालं तसंच होणार आहे माझं. त्यांच्या डोळ्यांत चुना नव्हता उडाला. डॉक्टरने सांगून पुष्कळ दिवस झाले."

आता ती बोलेल, शिव्या घालेल, तोंड फिरवेल, अशी तो वाट बघत बसला. तिने तसं काही केलं असतं तर त्याला सोसलं असतं. पण ती कामाच्या वेळी बोलायची तशीच बोलली, अगदी साध्या आवाजात, जणू उद्याच्या खेपेसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे.

"सांगितलं असतंत, तर मी बाजूला उभी राहिले असते."