निमिषच्या पहिल्या मॅचला मी कुठे होते

माझ्या मुलाच्या बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या पहिल्या मॅचला मी शिकागोच्या स्टेडियममध्ये हजर होते. तरीही मॅच कशी झाली, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

बारा वर्षं निमिषला प्रॅक्टिसला मी नेलं, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या थंडीत, गाडीतच पोळीचा रोल खायला घालून. मग चार वर्षं तो गावोगावच्या छोट्या टीममध्ये बॉल टाकत राहिला. मंगळवारी सकाळी फोन आला, "आई, दे कॉल्ड मी अप. उद्या दुपारी." मोठ्या टीमने त्याला बोलावलं होतं. मी रजा टाकली, नवऱ्याने, राजेशने टाकली आणि राजेशच्या मित्राने, प्रल्हादने, न विचारताच टाकली.

प्रल्हाद नागपूरचा. दोन हजार अकराच्या वर्ल्ड कप फायनलला त्याने बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. आपण त्यामुळेच जिंकलो, असं तो अजून सांगतो.

सातव्या इनिंगला निमिष बॉल टाकायला आला. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो; तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चेंडू अचूक पडून हुकले, की तो आऊट. निमिषने पहिल्या दोघांना असंच फुकटात पाठवलं. एवढ्यात माझी शाल घसरून खालच्या पायरीवर पडली. ती उचलायला उठले आणि स्ट्राइक. झटकेपर्यंत दुसरा स्ट्राइक. मी बसले, तर पुढचा चेंडू पुन्हा बाहेर.

"वहिनी, जरा उठा बरं," प्रल्हाद म्हणाला.

उठले. तिसरा स्ट्राइक, फलंदाज आऊट.

"आता बसू नका."

मागचा टोपीवाला म्हणाला, मॅडम, प्लीज बसा, काही दिसत नाही.

"मग बाहेर स्टॉलकडे जा ना वहिनी. पोराच्या करिअरचा प्रश्न आहे यार."

मी राजेशकडे पाहिलं. या माणसाच्या नावावर दोन पेटंट आहेत. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जा ना. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी विमा कंपनीत शक्यतांचं गणित करते. माझ्या बसण्या-उठण्याचा आणि त्या चेंडूचा काडीचाही संबंध नाही, हे मी तिथल्या तिथे कागदावर सिद्ध करून दिलं असतं. तरीही मी गेले. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

हॉट डॉगच्या स्टॉलपाशी टीव्ही होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. टीव्हीवर बघणंही मोजत असतील तर, असा विचार माझ्या, माझ्याच डोक्यात आला. आत एकदा आरडाओरडा झाला. थोड्या वेळाने त्याहून मोठा झाला. स्टॉलवरची बाई म्हणाली, नवा पोरगा सुटला, एकही रन दिला नाही. सॉसच्या बाटल्यांसमोर उभी राहून मी रडले. बारा वर्षं गाडी चालवली आणि ऐन वेळी भिंत बघितली.

मॅच संपल्यावर गेटपाशी निमिष भेटला. राजेशचा आणि प्रल्हादचा पाढा वाचायचा, असं मी ठरवूनच उभी होते. पण मिठी मारून तोच आधी बोलला.

"आई, आय सॉ यू लीव्ह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, मी जाणार नव्हते, हा प्रल्हादकाका..."

"नो, नो. आय वॉज लाइक, थँक गॉड, समबडी टोल्ड हर."

हा मुलगा इलिनॉयमध्ये जन्मला. क्रिकेटची बॅट त्याने हातात धरलेली नाही. प्रल्हाद आकाशाकडे बघत होता.

"आई," निमिष हळूच म्हणाला, "उद्यापण बाहेर थांबशील? प्लीज?"

त्याच्या हाताला अजून मैदानाची माती होती. "थांबेन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी चपला बाजूला ठेवून चालायचे बूट घातले. उभंच तर राहायचं होतं.