दहावा सेट

पुढारपण कुंदनच्या अंगातच होतं. अमळनेरला बसस्टँडच्या मागे त्याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आणि मोबाइलवर त्यानेच जमवलेला ‘खान्देश अलॉय’ नावाचा ग्रुप. परदेशी अलॉय चाकं एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, सगळ्यांनी मिळून मागवू, ही कल्पनाही त्याचीच. पुण्याचा आयातदार दहा सेटच्या खाली बोलायला तयार नव्हता. नऊ गिऱ्हाइकं झाली आणि दहावं काही केल्या मिळेना. महिनाभर ग्रुपवर ‘माल आलाच समजा’ असं लिहिणाऱ्या माणसाला नवावर अडकणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

दहावा झाला यावलचा चुडामण. केळी कापणीच्या मजुरांना बागेत नेण्या-आणण्याची त्याची सात सीटर गाडी. सात सीटर हे कागदावर. आत दहा-अकरा माणसं आणि टपावर विळे, डबे, पाण्याचे कॅन.

आयातदाराने कुंदनला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की हे चाक लहान मोटारीचं वजन पेलणारं आहे, भरून चालणाऱ्या गाडीला देऊ नका, तडकेल. कुंदनने ‘हो हो’ केलं. चुडामणला त्याने एवढंच विचारलं, की तुझ्या चाकाला नट किती? पाच. याही चाकाला पाच. भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपल्याकडे असंच चालतं. बसतंय ना, मग झालं.

चाकं आली तेव्हा चुडामणने गाडीला हार घालून फोटो टाकला. काळी चकचकीत चाकं आणि खिडक्यांतून बाहेर आलेली बायामाणसांची हसरी तोंडं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. कुंदननेही अंगठा दिला, पण नंतर दुकानात बसून तो फोटो मोठा करून करून बघत राहिला. फोटोतली तोंडं त्याला मोजायची नव्हती, तरी मोजली गेली.

पुढे चुडामणचा फोन आला. “भाऊ, खड्ड्यात पडली का मागचं चाक वाजू राह्यलं.”

“नवीन आहे, रुळेल,” कुंदन म्हणाला. “नट आवळून घे.”

चाक म्हणजे काय चप्पल आहे रुळायला? पण चुडामणने ऐकलं, कारण कुंदनभाऊला गाडीतलं कळतं अशी त्याची श्रद्धा होती. खरं सांगितलं तर चाकं परत घ्यावी लागतील, आयातदार ती घेणार नाही आणि ग्रुपवर शोभा होईल ती वेगळीच. उद्या सांगू, असं कुंदन रोज ठरवायचा. चुडामणचा नंबर मोबाइलवर दिसला की तो भरलं ताट सोडून उठायचा. बायको ज्योतीने दोनदा विचारलं, बरं नाही का? पित्त झालंय, म्हणाला.

एका रविवारी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला तर दारात चुडामणची गाडी उभी. भागाबाई ही कापणीवाल्या बायांची मुकादम, तिच्या भाच्याचं धुळ्याला लग्न होतं, आणि सगळी टोळी नवी लुगडी नेसून निघाली होती. कुंदनची मुलगी मयुरी धुळ्याला मामाकडे जायची होती. ज्योतीने परस्पर चुडामणला फोन करून ठरवून टाकलं होतं. मयुरी मधल्या सीटवर बसलीसुद्धा. भागाबाईने सरकून तिला जागा केली होती आणि तिची बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली होती.

“वहिनी, आमी धुळ्यालेच चाललो,” चुडामण सांगत होता. “पोरगी एसटीत कायले लटकीन?”

कुंदन पायऱ्या उतरून आला. मागचा टायर भाराने दबला होता.

“मयुरी, उतर.”

“का पण?”

“उतर म्हणतो ना.” त्याने मनगट धरून तिला खाली ओढलं. बॅग भागाबाईने खिडकीतून बाहेर दिली.

“मी सोडतो मोटरसायकलवर,” तो म्हणाला.

“धुळ्यापर्यंत?” ज्योती म्हणाली.

चुडामणचं तोंड उतरलं. “भाऊ, आमच्या माणसाईजवळ बसाले कमीपणा वाटते का?”

आणि कुंदनला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. तसंच समजू दे. हलकट म्हणतील, गर्विष्ठ म्हणतील, पण चाकाचं विचारणार नाहीत. तो बाजूला झाला. भागाबाईने पदर सावरून तोंड फिरवलं. चुडामणने गाडी सुरू केली.

पण ज्योतीने त्याच्याशी वीस वर्षं संसार केला होता. हा माणूस कुणाच्या मांडीला मांडी लावून जेवायला लाजणारा नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि बोलताना तो एकदाही माणसांकडे बघत नव्हता, मागच्या चाकाकडेच बघत होता. तिने चपला घातल्या, गाडीचं दार उघडलं आणि मयुरीच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

“पोरगी नको तर मी जाते,” ती म्हणाली. “चला चुडामणभाऊ.”

गाडी हातभर पुढे गेली.

“थांब,” कुंदन ओरडला. “थांब, चुडामण. बंद कर. चाक या वजनाचं नाही. मला माहीत होतं.”

चुडामण उतरला. मागच्या चाकाशी उकिडवा बसून त्याने तळहाताने चिखल पुसला. नटाच्या भोकापासून आऱ्याच्या अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. कुंदनकडे त्याने वर पाहिलंच नाही.

“सगळे खाली उतरा,” कुंदन म्हणाला.

कुणी हाललं नाही. भागाबाईने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. ती रागावलेली दिसत नव्हती.

“भाऊ,” ती म्हणाली, “आमी तं याच्यात रोज बसतो.”

कुंदन गाडीचं दार धरून उभा राहिला. ज्योती खाली उतरली नाही. ती भागाबाईला खेटून तशीच बसून राहिली.