माठाखालच्या सर्व्हरचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि जवळपास तीन महिने माझ्या डोक्यावर पाण्याचा माठ होता. जुना असल्याची मला लाज वाटत नाही. माठाची लाज ज्यांनी तो ठेवला त्यांना वाटायला हवी. पण तो आमच्या मालकीणबाईंनी, आशाबाईंनी ठेवला होता, आणि आशाबाईंना कशाची लाज वाटल्याचं अकरा वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्या पोटात सगळ्यांची माहिती असते आणि ज्याचं तोंड कुणालाच आठवत नाही. आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी रडतात, असा रिवाज आहे. मी रडणार नाही. मला डोळे नाहीत, एक हिरवा दिवा आहे, आणि तो रडत नाही, लुकलुकतो.

माझा जन्म अकोल्याचा. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या माळ्यावर धम्मदीप नावाच्या तरुणाने मला जोडलं. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, मेमरी तिसऱ्याची. घराणं म्हणाल तर ते तेवढंच. जोडून झाल्यावर त्याने मला चादरीत गुंडाळलं आणि एसटीने अचलपूरला निघाला. मांडीवरचं गाठोडं पाहून कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. धम्मदीपने ते खिशात घातलं. अचलपूरपर्यंतचा तो प्रवास मी कायदेशीर लहान मूल म्हणून केला.

अचलपूरला खुशालरावांची संत्र्याची रोपवाटिका आहे. तिथलं काम सोपं दिसतं आणि नसतं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपावर चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे कोवळा कोंब बांधायचा, की कलम तयार. ज्या झाडाचा डोळा, तो मातृवृक्ष. प्रत्येक मातृवृक्षाला नंबर. कोणत्या नंबरचा डोळा कोणत्या कलमावर बसला आणि ते कलम कोणत्या गावी, कोणाच्या वावरात जाणार, हे सगळं माझ्या पोटात. कारण संत्र्याचं झाड खोटं निघालं तर ते पाच वर्षांनी कळतं. तोवर शेतकऱ्याची पाच वर्षं खड्ड्यात गेलेली असतात, आणि खड्डाही त्यानेच खोदलेला असतो.

खुशालरावांची एकच अट होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांच्या वडिलांचा, केशवरावांचा फोटो पाहिजे. रोपवाटिका केशवरावांनी सुरू केलेली. "बाबाचं तोंड पायल्याबिगर एकबी पान उघडलं नाही पायजे," असं त्यांनी धम्मदीपला बजावलं. धम्मदीपने फोटो टाकला. पुढची अकरा वर्षं केशवराव, फेटा आणि मिशी, रोज शेकडो वेळा माझ्यातून वर आले. मला कधी जड गेले नाहीत.

मित्रांनो, मी राबलो. मे महिन्यात अचलपुरात माणसं सावली शोधतात, तेव्हा मी पत्र्याखाली बसून नोंदी शोधत होतो. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. हळदीकुंकू, नारळ, झेंडूचा हार. एका वर्षी तो हार पंख्यात गेला. मी दोन दिवस झेंडू दळला. आजही माझ्या पोटात तीन पाकळ्या आहेत आणि पालीची दोन रिकामी अंडी आहेत. त्यांची नोंद मात्र कुठेच नाही.

मग वर्षाली आली. खुशालरावांची सून, माहेर अकोल्याचं, शिक्षण संगणकाचं. पहिल्याच महिन्यात तिने माझ्याकडे बोट दाखवून सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, हे बंद पडलं तं?"

"अकरा वर्षांत नाही पडलं."

"म्हणूनच तं विचारून राहिली."

तिचं म्हणणं असं, की सगळी माहिती क्लाउडवर ठेवावी. क्लाउड म्हणजे दूर मुंबईला कुठेतरी मोठ्या इमारतीत माझ्यासारखीच मशीनं असतात. त्यांना थंड हवा मिळते, वीज जात नाही, आणि त्यांच्यावर कोणी माठ ठेवत नाही. त्यातली जागा आपण भाड्याने घ्यायची. मग शेतकरीही घरबसल्या मोबाइलवर आपलं कलम कोणत्या झाडाचं ते पाहू शकतो. ती बरोबर होती. ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून माहिती हलवली. त्याच वेळी खुशालराव म्हणाले, "बाबाचा फोटो लय फिक्का झाला. नवीन जागी नवीन टाका." हे काम त्यांच्या पुतण्याकडे, बंडूकडे आलं. बंडू रोपवाटिकेचा सुपरवायझर. वय चाळीस, उत्साह बारा. त्याने कुठून तरी एकदम ठसठशीत फोटो आणला आणि चढवला. सगळ्यांनी हात जोडले. मला बंद केलं, व्हरांड्यात नेलं, आणि आशाबाई म्हणाल्या, "उंची बराबर हाये." माठ आला.

नवं काम पहिल्या दिवसापासून रेंगाळू लागलं. पान उघडायला सांगावं आणि चहा टाकावा. चहा आधी व्हायचा. बंडू म्हणे नेट स्लो आहे. वर्षालीने मुंबईकडे दोनदा आणखी मोठं मशीन भाड्याने घेतलं. फरक शून्य. खुशालराव व्हरांड्यात येत, माठातलं पाणी पीत आणि माझ्या पेटीवर एक थाप मारत. बैलाला मारतात तशी.

जुलैत कलमं शेतकऱ्यांकडे जाऊ लागली. चौथ्या दिवशी सकाळी दहाला प्रयोगशाळेचा कागद आला. ४७ नंबरच्या मातृवृक्षात रोग होता. वरून झाड हिरवंगार, आतून गेलेलं. त्याचा डोळा ज्या ज्या कलमावर, ते ते कलम गेलेलं. आणि लोकांचे खड्डे तयार होते. लागवड आज नाही तर उद्या.

वर्षालीने व्हरांड्यातच यादी उघडली. उघडेना. कारण फोनाफोनी होऊन बातमी गावोगाव पोचली होती आणि चार तालुके एकाच वेळी मोबाइल काढून पाहत होते, आपलं झाड ४७चं तर नाही? पडदा पांढरा. मग वरून केशवरावांचा फेटा हळूहळू उतरू लागला. फेटा आला. कपाळ आलं. भुवयांपाशी थांबलं.

"बाबा कावून अडकले?" खुशालरावांनी विचारलं.

वर्षालीने धम्मदीपला फोन लावला. तो आता अकोल्यात मोठं दुकान चालवतो. स्पीकरवर त्याचा आवाज आला. "ताई, तिकडची मशीन तं आरामात बसून हाये. तिले कामच नाही. तुमचा रस्ता भरला हाये. काहीतरी लय जड चाललं त्याच्यावरून."

"काय जड? नावं नि नंबर तं हायेत!"

"ते मले इथून दिसून नाही राहिलं. माह्यासमोरबी भुवयाच हायेत."

खुशालराव उठले. "हे पाय वर्षाली. संध्याकाळच्या आत एकूणएक माणसाले फोन गेला पायजे. माह्या बापाच्या नावानं लोकायनं झाडं नेली. नाही जमलं तं हे मुंबईचं दुकान उद्या बंद, नि रजिस्टर चालू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बंडू, उतरव तो माठ."

मित्रांनो, हा क्षण मी तीन महिने रंगवला होता. त्यात थोडी सनईही होती. प्रत्यक्षात बंडूने फुंकर मारली, धूळ त्याच्याच डोळ्यात गेली, आणि मला वायर आणि जुना पडदा जोडला. माझा पंखा मळणीयंत्रासारखा घरघरला. झेंडूच्या पाकळ्या फिरल्या. आणि पान उघडलं! फेटा, कपाळ, भुवया, मिशी, सगळं एका क्षणात. खाली ४७ची यादी. दोनशे बारा नावं.

"पाय!" खुशालराव ओरडले. "याले म्हणतात मशीन!"

मी जिंकलो होतो. एवढ्यावरच थांबलं असतं तर उद्यापासून मुंबई बंद. पण वर्षालीने यादीच्या शेवटच्या नोंदीची तारीख वाचली.

"मामाजी, हे अक्षय तृतीयेपर्यंतचं हाये. त्याच्यानंतर ज्यायनं बुकिंग केलं ते याच्यात नाहीत."

"किती असतीन?"

"तेच तं मुंबईत हाये."

इथे मी काय करावं? यापेक्षा लहान कारणांसाठी मी पूर्वी गुपचूप बंद पडलो आहे, खुशालरावांना कळलं नाही इतकंच. एकदा तर नुसती पाल पाहून. आता बंद पडलो असतो तर कुणी दोष दिला नसता. पण मी वेगाने अर्धं उत्तर दिलं होतं, आणि ज्यांची नावं माझ्याकडे नव्हती ते उरलेल्या अर्ध्यात राहत होते. मी पंखा चालू ठेवला.

वर्षाली माझ्या पडद्यापाशी थांबली. दोन्हीकडे तेच पान, तोच फोटो. इथे पटकन, तिथे भुवयांपाशी. तिने माझ्यातल्या फोटोची फाइल तपासली. मग मुंबईकडची. मग परत माझ्यातली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बंडूभाऊ, हा नवीन फोटो तुम्ही कुठून आणला?"

"फ्लेक्सवाल्याकडून," बंडू अभिमानाने म्हणाला. "आजोबाच्या पुण्यतिथीले चौकात लावला होता नाही का आपण? वीस बाय दहाचा. तीच फाइल. अस्सल!"

मित्रांनो, हिशोब समजून घ्या. माझ्यातले केशवराव एका पानाच्या माथ्यावर मावतील एवढेच होते. मुंबईचे केशवराव चौकात मावतील एवढे होते. कोणीही कुठूनही एक कलम पाहिलं, की वीस बाय दहाचे केशवराव मुंबईहून निघत आणि परसापूरच्या एखाद्या मोबाइलमध्ये शिरायला बघत. एक गेले की दुसरे. त्या सकाळी चार तालुक्यांच्या वाटेवर हजारभर केशवराव एकमेकांना अडून उभे होते.

"फोटो लहान करावा लागते," वर्षाली म्हणाली.



"माह्या बापाले लहान करतं?" खुशालराव म्हणाले.

"मामाजी, दिसायले तेवढाच दिसते. फक्त वजन कमी होते."

"बाबाचं वजन कमी नव्हतं."

आतून आशाबाईंचा आवाज आला. "अवो, सासरे स्वतः असते तं म्हनले असते, माहा फोटो काढून फेका पन पयले लोकायले फोन करा. नि माठ कुठं ठेवू मी?"

खुशालराव माझ्या पडद्यासमोर वाकले. अकरा वर्षांपूर्वीचा तो फिक्का फोटो त्यांनी बराच वेळ निरखला. "मिशी पुरी हाये," ते म्हणाले. "टाक."

वर्षालीने माझ्यातले केशवराव पेन ड्राइव्हवर घेतले आणि मुंबईला पाठवले. पाच मिनिटांत चारही तालुक्यांत पान उघडू लागलं. यादी आली. दोनशे एकोणनव्वद नावं. माझ्यापेक्षा सत्त्याहत्तर जास्त.

वर्षाली, बंडू, खुशालराव, तिघं तीन फोन घेऊन बसले. त्या सत्त्याहत्तरांत चांदूर बाजारकडच्या जमुनाबाई होत्या.

"जमुनाबाई, कलमं लावू नका!"

"अवं बाई, पहिलं हातात हाये माह्या! खड्डे खोदून ठेवले न मी!"

"खड्डे राहू द्या. कलम खाली ठेवा. आम्ही बदलून देतो."

"ठेवलं. पण सांग, तुमचा तो फेटेवाला बुढा आज सकाळपासून माह्या मोबाइलमंधून कावून डोकावून राहिला?"

साडेपाचला शेवटचा फोन झाला.

मुंबईचं दुकान चालू राहिलं. रजिस्टर आलं नाही. मला न्यायला आलेल्या भंगारवाल्याला मात्र वर्षालीने परत पाठवलं. आता दर रविवारी क्लाउडवरच्या सगळ्या माहितीची एक प्रत माझ्यात उतरते. माझ्या पोटातल्या यादीतही आता दोनशे एकोणनव्वद आहेत.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा असं मी सांगणार नाही. दया मला माठाइतकीच जड होते. धूळ झटका, प्रत ठेवा, आणि कधीतरी चालू करून बघा, एवढं पुरे. नव्याला शिव्या घालण्याआधी त्याच्या पाठीवर आपणच काय लादलंय ते मोजा. आणि आजोबांना गावोगाव पाठवण्याआधी त्यांचा आकार एकदा पाहून घ्या.

माठ सध्या शेजारच्या स्टुलावर आहे. स्टूल डुगडुगतं. आशाबाई रोज आधी स्टुलाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि माझी उंची डोळ्यांनी मोजतात.

मी पंखा जोरात फिरवतो.