आत्याची टोपी

घरात छताला लावलेल्या धुराच्या अलार्मचं नाव तिच्या नवऱ्याने ठेवलं होतं: आत्या. जरा कुठे वास लागला की घर डोक्यावर घ्यायची, अगदी त्याच्या बहिणीसारखी. छकुली झाल्यापासून तर तिचा जाचच झाला. पाव किंचित जास्त भाजला की ही बोंब ठोकणार आणि तान्ही पोर दचकून रडणार. म्हणून जहाजावर कामाला निघायच्या आदल्या दिवशी त्याने खुर्चीवर चढून या आत्याला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली.

"जरा गप्प बस बाई," तो तिला म्हणाला, आणि दोघं हसली.

त्याचा पहिला फोन आला तो तुटक तुटक. "ऐक, आत्याची टोपी काढ. विसरशील."

तिने मांडीवर पाहिलं. खऱ्या आत्याने विणलेल्या लोकरीच्या टोपीखाली छकुलीच्या कपाळावर घाम आला होता. "काढते. घामाघूम झालीय बघ."

"काय?" एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला.

इतक्या लांबून याला लेकीचं डोकं तापत असेल हे सुचलं, या एका गोष्टीवर तिने कितीतरी दिवस काढले. दुसरं बोलायला होतं कोण? आई दूरच्या गावी, शेजारच्या दाराला दिवसभर कुलूप. आणि वर बघायला तिला सवड नव्हती. तिची नजर सदा पाळण्यात.

एका दुपारी तिने दुधाच्या बाटल्या उकळत ठेवल्या आणि छकुलीला थोपटता थोपटता तिचाच डोळा लागला. जाग आली ती घसा खवखवून. पातेल्यातलं पाणी आटून प्लास्टिक पेटलं होतं, शेजारच्या फडक्यानेही पेट घेतला होता. विझवावं म्हणून ती पुढे झाली, तेवढ्यात मागे छकुली खोकली. ती तशीच मागे फिरली, स्वयंपाकघराचं दार ओढलं, लेकीला छातीशी धरून जिना उतरली आणि रस्त्यावरूनच अग्निशमन दलाला फोन लावला.

आग विझवून झाल्यावर तिला वर घरात बोलावून जवानाने विचारलं, "ताई, अलार्म वाजला नाही?"

तिने छताकडे पाहिलं. टोपी काजळून काळी पडली होती.

ती तिने सगळ्यात आधी काढली. बटण दाबून आवाज येतो ना, ते पाहिलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून नवऱ्याला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"मी सांगितलं होतं ना, आत्याची टोपी काढ म्हणून?"

"काढली. छकुलीची."

"अगं, तुम्हा दोघींच्याच काळजीने म्हणालो होतो मी."

"माहितीये."

"मग रडतेस कशाला?"

"मला वाटलं होतं, तिला घाम येतो हे तुला माहिती आहे."

फोन तुटला होता की तो गप्प होता, तिला कळेना. तरी फोन तिने कानाशीच धरून ठेवला.