कागदावरचे चट्टे

"पाचवी खेप तुमची, मिस्त्री," ओस्मार साहेब म्हणाले. "यंत्र बरं करता, की त्याच्या दुखण्यावर पोट भरता?"

निल्दा कारकुनीण खुदकन हसली. फ्रेतेस कॉपियरपुढे गुडघे टेकून बसला होता, त्याने मान वर केली नाही. साहेबांच्या या नोटरी कचेरीत खरेदीखतांच्या प्रतींवर मधेच पांढरे चट्टे पडत, कधी विकणाऱ्याचं नाव अर्धं खात, कधी जमिनीची हद्द. नोंदणीवाले कागद परत पाठवत आणि साहेब असुन्सिओनला, फ्रेतेसच्या कंपनीला फोन लावत. कंपनीने काल बजावलं होतं, पुन्हा तक्रार आली तर घरी बसा. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसणारा माणूस पुन्हा उठत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ड्रम बदलून झाला होता, रूळ बदलले होते, टोनरही. आज त्याने पट्टी काढली आणि खराब प्रतींवरची अंतरं मोजली. चाकाला चिकटलेला चिखल रस्त्यावर सारख्या अंतराने उमटतो, तसाच रुळाचा दोष. हे चट्टे मात्र वाटेल तिथे होते. त्याने पिशवीतले स्वतःचे कागद घातले. दहाच्या दहा प्रती स्वच्छ!

"सुधारलं वाटतं," प्लासिदा मावशी तेरेरे या थंडगार चहाचा शिंगाचा पेला पुढे करत म्हणाली. कचेरीची झाडलोट करणारी, तेरेरेसाठी पाला कुटून बर्फाच्या पाण्याचा जग भरणारी ही बाई दर खेपेला त्याला न विचारता पेला देई, वर रुमालातली चिपाही, चीज घातलेला छोटा पाव. पोटात काही नसताना हातात जोर कुठून येणार, म्हणे. "मी सान ब्लासचं चित्र सरकवलंय यंत्राखाली. मागच्याच महिन्यात."

"तो घशाचा संत ना, मावशी?"

"मग? याच्याही घशातच अडकतो कागद."

फ्रेतेस मनापासून हसला. हसतच त्याने कपाटातला कागदांचा गठ्ठा काढून गालाला लावला. गार, दमट. कपाटाच्या वरच्या फळीवर तेरेरेच्या पाण्याचा जग होता. जगाला बाहेरून दरदरून घाम फुटला होता आणि थेंब फटीतून थेट कागदांवर उतरत होते. ओल्या जागी शाई धरत नाही. एवढंच होतं सगळं दुखणं.

आणि जग तिथे कसा आला, हेही त्याला आठवलं. पहिल्या खेपेला, चट्टे सुरू व्हायच्या आधी, तो अडकलेला कागद काढायला आला होता, तेव्हा त्याच्यासमोरच साहेब मावशीवर खेकसले होते, "दर पेल्याला स्वयंपाकघरात कोण जाईल? इथंच ठेव." ती म्हणाली होती, "साहेब, खाली कागद आहेत." "कागदांचं मला शिकवू नकोस."

त्याने कारण सांगितलं तेव्हा साहेबांचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग सावरला.

"जग कोण भरतं?"

"मावशी."

"फळीवर आणून कोण ठेवतं?"

"तीच. पण साहेब, तुम्हीच तर..."

"मी काय?" साहेबांनी फोनवर हात ठेवला. "तुमच्या कंपनीचा नंबर मला आता तोंडपाठ झालाय, मिस्त्री. अहवालात कारण लिहावं लागतं ना? लिहा मग."

निल्दा नखं बघू लागली. फ्रेतेसने लिहिलं: सफाई कामगाराचा निष्काळजीपणा. लिहिताना त्याला स्वतःची किळस आली. सही मात्र नेहमीसारखीच झोकदार आली.

साहेबांनी निल्दाला आत बोलावलं. थोड्या वेळाने ती एक टाइप केलेला कागद घेऊन आली. "साहेब म्हणाले, नव्या गठ्ठ्यावर चाचणी हीच घ्या. तीन प्रती."

त्याने घेतल्या. वरची ओळ वाचली आणि पुढचं वाचलं नाही.

"एक मावशीला द्या," निल्दा म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

प्लासिदा मावशीने हात एप्रनला पुसून कागद घेतला, उजेडाला धरला. "बघा हो, एक डाग नाही! किती ठसठशीत आलंय. काय आहे यात? चष्मा घरी राहिला माझा."

"निल्दाबाईंना विचारा."

"त्या कसल्या वाचतायत माझ्यासाठी. तुम्हीच वाचा ना."

त्याने वाचलं. अकरा वर्षांची नोकरी आजपासून संपली, असं. पुढच्या ओळीपाशी तो थांबला, पण मावशी वाट बघत उभी होती, म्हणून तीही ओळ वाचली. "तंत्रज्ञ फ्रेतेस यांच्या अहवालानुसार."

 ती वाकली, कॉपियरच्या पायाखालून सान ब्लासचं चित्र ओढून काढलं आणि फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

"आता याला नको," ती म्हणाली.

जग उचलून ती स्वयंपाकघरात गेली. तो पूर्वी जिथे असायचा, तिथेच तिने नेऊन ठेवला.