बॉबिनची त्रेचाळिसावी तक्रार

सासूबाईंचं शिवणयंत्र चपलांच्या कपाटाशेजारी आलं, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी ते कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीपाशी होतं. तिथे उजेड असा, की चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला जायचा. मग घरात सून आली. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची, आणि तिलाही नेमकी तीच खोली हवी होती. भांडायचं दोघींच्याही जिवावर आलं. शेवटी सूनच म्हणाली, "आई, आपण शर्यत लावू. जिंकेल तिची खोली."

शर्यत अर्थात तिच्याच कंपनीच्या गेमवर. 'भन्नाट चाकं' त्याचं नाव. बुटक्या गाड्या, तीन फेऱ्या, आणि एकमेकींच्या चाकांखाली टाकायला साबणाच्या वड्या. दोन फेऱ्या सासूबाई पुढे होत्या. तिसऱ्या फेरीत सुनेची गाडी पवनचक्कीमागे गेली आणि एकदम शेवटच्या वळणावर उगवली. खोली गेली. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची या संकटातून तो आयताच सुटला.

हरणं एक वेळ चालेल, पण जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला उसवलेली शिवण कशी दिसणार नाही? आठ दिवसांत सासूबाईंनी शोधून काढलं, की पवनचक्कीमागे भिंतच नाही. घालायची राहून गेलेली, आणि सुनेने त्याचा फायदा उठवलेला. घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण पुढे कंपनी गेमचा दुसरा भाग काढायला निघाली आणि घरोघरच्या खेळाडूंकडून तो तपासून घ्यायचं ठरलं, तेव्हा एक अर्ज शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या रिळाच्या, म्हणजे 'बॉबिन' या नावाने गेला. अर्जात वय विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ते खरं कोण सांगतंय!

सून ऑफिसला गेली की सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बॉबिनचं काम सुरू व्हायचं. सासऱ्यांना शपथ घालून गप्प केलेलं होतं. पहिली तक्रार गेली ती पवनचक्कीचीच; दुसऱ्या भागातही ती भिंतीविना तशीच उचलून ठेवली होती. सातवी अशी: 'गाड्या एकमेकींच्या आरपार जातात. या गाड्या आहेत की भुतं? यांना वजन द्या.' बारावी जरा घरगुती होती: 'उलट्या दिशेने जाणाऱ्याला कुणी सांगत नाही. आमच्याकडच्या एका गृहस्थांनी तिन्ही फेऱ्या उलट्या मारल्या आणि पहिला आलो म्हणून नाचले. मोठा बाण दाखवा.' होता होता तक्रारी बेचाळीसवर गेल्या.

"हा बॉबिन कोण आहे देव जाणे," सून एकदा जेवताना वैतागली. "आज म्हणे, साबणावरून घसरलेली गाडी लगेच सरळ कशी होते? हाड मोडल्यासारखी जरा लंगडू दे."

"अगोबाई! काय एकेक माणसं असतात," सासूबाई साळसूदपणे म्हणाल्या. सासऱ्यांना जोरात ठसका लागला.

"पण आई, खरं सांगू? मेला बोलतो ते बरोबर असतं. वजन दिल्यापासून वळणावर गाडी हाताला जाणवते. पहिला भाग आता खेळवत नाही, इतका दुसरा चांगला झालाय."

मेल्याने तिला आणखी एक डाव भाजी वाढली.

एकच गोष्ट सासूबाईंना डाचत होती. रस्ते आणि भिंती रचणं हे सुनेचं काम. पवनचक्कीच्या तक्रारीवरून साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि त्या दिवशी ती एवढंसं तोंड करून घरी आली होती. तक्रार मात्र खरी होती.

दुसरा भाग बाजारात यायला पंधरा दिवस उरले, तेव्हा त्यांनी विषय काढलाच. "नवा गेम, नवी शर्यत. खोलीचा जुना निकाल जुन्या गेमबरोबर गेला."

"चालेल की!" सून म्हणाली.

इतक्या पटकन? सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मंगळवारी सून बाहेर पडताच त्यांनी गेममधले सगळे रस्ते कापडावर हात फिरवून पाहावं तसे पाहिले, आणि धुणं वाळत घातलेल्या अंगणात चोर सापडला. तिसरी चादर वाऱ्याने क्षणभर वर उचलली जायची. मागे फट होती, बरोबर एका गाडीएवढी. ही चूक नव्हती. चुकीला इतकी सुबक किनार कुणी लावत नाही.

त्यांनी 'तक्रार क्रमांक ४३' असं लिहिलं, आणि हात थांबला. भिंत विसरली म्हणून बोलणी खाल्लेली पोरगी. मुद्दाम फट ठेवली म्हटल्यावर साहेब नोकरीवर ठेवतील? कळवावं तर सुनेच्या पोटावर पाय, न कळवावं तर खोली गेलीच. सासूबाईंनी लिहिलेलं पुसून टाकलं. सुनेची दया आली, हे खरंच. पण फट त्यांच्याही मनात भरली होती, हेही तितकंच खरं. चोरावर मोर व्हायची संधी या वयात वारंवार येत नाही.

रविवारी सकाळी दोघी टीव्हीसमोर बसल्या. सासरे म्हणाले, "मीपण खेळतो. जिंकेल त्याची खोली ना?"

"हो हो, खेळा," दोघी एका सुरात म्हणाल्या.

दोन फेऱ्या अटीतटीच्या झाल्या. तिसऱ्या फेरीत अंगण आलं, चादर उचलली गेली, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी आत घुसल्या. धाडकन आवाज झाला. जुन्या गेममध्ये एकीतून दुसरी अलगद निघून गेली असती. आता गाड्यांना वजन होतं. पुढेही जाईनात, मागेही येईनात.

"आई, तुम्ही इथे कशा?"

"तू कशी?"

"मी हा रस्ता बनवलाय!"

"मग मी तपासलाय!" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

सुनेने सावकाश मान वळवली. "बॉबिन?"

तेवढ्यात सासरे नेहमीप्रमाणे उलटे निघाले होते, तर पडद्यावर भलामोठा लाल बाण आला. "अरेच्चा, हे मलाच सांगतंय," म्हणून ते वळले, आणि सायकलच्या वेगाने रमतगमत शेवटच्या रेषेपलीकडे गेले.

तासाभरात त्यांची आरामखुर्ची कोपऱ्यातल्या खोलीत गेली, आणि पाठोपाठ घोरणंही ऐकू येऊ लागलं.

बाहेर सून चपलांच्या कपाटावर बसली होती, सासूबाई यंत्रापाशी.

"फट सापडली होती, तर कळवली का नाही?"

"तुझी नोकरी गेली असती."

सुनेचे डोळे भरून आले. "पवनचक्कीच्या वेळी मी फसवलं तुम्हाला. खिडकीत बसलेली असायचे आणि इथून तुमच्या मशीनचा आवाज यायचा. फार लाज वाटायची हो."

"वाटली ना? मग झालं. नाक पूस."

"उद्याच बुजवते ती फट."

"बुजवू नकोस." सासूबाईंनी तिचाच लॅपटॉप ओढून घेतला आणि त्रेचाळिसावी तक्रार लिहिली: 'चादरीमागची वाट झकास आहे, पण अरुंद आहे. दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद करा, आणि सगळ्यांना सापडू द्या.'

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, गळ्यातली टेप काढून त्या खोलीत गेल्या. खिडकीची भिंत साडेदहा फूट भरली. टेबल चार फूट, यंत्र तीन. अख्खा जन्म मापं घेण्यात गेला, आणि ही एक भिंत मोजायचं दोन वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि मग हसू आलं.

सासरे जागे झाले तेव्हा उजव्या हाताला शिवणयंत्र धडधडत होतं, डाव्या हाताला सून कुणाशी तरी फोनवर भिंतींबद्दल बोलत होती.

"अगं, खोली मी जिंकलो होतो ना?"

"हो ना," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, चष्म्याशिवाय. "म्हणून तर तुम्हाला मधली जागा दिलीय."